एकविसाव्या वर्षाची वाट

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकन लष्कराचं विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा मी धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे होते. विमानात १०४ भारतीय होते. हरियाणा आणि गुजरातचे प्रत्येकी ३३, पंजाबचे ३०, महाराष्ट्राचे तीन. हातांत बेड्या, पायांत साखळ्या. पुढचे कितीतरी दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता आणि बोलणं एकाच अंगानं चालायचं. एजंटानं किती लाख खाल्ले, शेत गहाण होतं की विकलं होतं, आता कर्ज कसं फिटायचं. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत अमेरिकेनं परत पाठवलेल्या भारतीयांचे वर्षवार आकडे दिले. २००९ मध्ये ७३४, २०१८ मध्ये ११८०, २०१९ मध्ये २०४२. नाना टीव्हीसमोर बसून ऐकत होते. बातमी संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तिकडे मागे किती राहिले?"

तो आकडा कुणी वाचत नाही. परत आलेला माणूस विमानतळावर मोजता येतो. त्याची बायको, त्याची पोरं, कुणाकडे कोण राहिलं आणि कोण कुणाविना मोठं झालं, याची नोंद दोन्हीपैकी कुठलाच देश ठेवत नाही. नाना स्वतः २००५ साली असेच परत आले. राज्यसभेतले आकडे २००९ पासूनचे होते, म्हणजे त्यांत नानाही नव्हते.

आमच्याकडे पोट भरायला बाहेर पडणं ही काही मोठी गोष्ट नाही. सुरत–भुसावळ मार्गावरच्या कुठल्याही गावात विचारा, घरटी एखादा माणूस सुरतेच्या उधना-लिंबायतला निघतो. नंदुरबारकडचे आदिवासी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरं म्हाताऱ्यांपाशी ठेवून. पण ऊस संपला की माणूस परत येतो. सुरतेचा माणूस कानबाई देवीच्या सणाला येतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला येतो. नाना आधी सुरतेलाच होते, कापड मार्केटात हिशेब लिहायचे. तिथल्या शेठच्या नात्यातल्यांचं न्यू जर्सीत मोटेल होतं. १९९६ मध्ये नाना आणि आई पर्यटक व्हिसावर तिकडे गेले आणि राहिले. १९९७ मध्ये मी झाले, २००२ मध्ये माझा भाऊ.

ते गेले त्याच वर्षी अमेरिकेनं एक कायदा केला. व्हिसाची मुदत संपल्यावर वर्षभराहून जास्त राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, तर दहा वर्षं त्याला परत येता येणार नाही. सहा महिन्यांच्या वर पण वर्षाच्या आत असेल, तर तीन वर्षं. हेतू असा की लोकांनी मुदतीत परत जावं. झालं उलटंच. पूर्वी जो चार वर्षं कमवून गावी परतला असता, तो आता बाहेर पडायलाच घाबरू लागला. आई-नाना त्यांतलेच. माझे आजोबा, म्हणजे नानांचे वडील, वारले तेव्हा नाना मोटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत एकटे बसून होते, असं आईनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

आणखी एक समज मी सुरतेत ऐकला आहे, दोंडाईच्यात ऐकला आहे आणि न्यू जर्सीतही ऐकला आहे. मूल तिथं जन्मलं की आईबापाची काळजी मिटली. तसं नाही. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं तिथं जन्मलेलं मूल नागरिक होतं, हे खरं. (२० जानेवारी २०२५ च्या एका आदेशानं त्यालाही हात घालायचा प्रयत्न झाला आणि न्यायालयांनी तो अडवला.) पण त्या मुलाला आपल्या आईबापासाठी अर्ज करता येतो तो वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर. त्याआधी मूल नागरिक असून आईबापाच्या उपयोगाचं नाही. हद्दपारी रद्द करून घ्यायची एक वाट कायद्यात आहे. त्यासाठी सलग दहा वर्षं तिथं राहिलेलं असावं लागतं आणि आपण गेलो तर नागरिक मुलाला 'अपवादात्मक आणि अत्यंत असाधारण' हाल सोसावे लागतील, हे सिद्ध करावं लागतं. वर्षाला चार हजारांच्या वर लोकांना ती सवलत मिळत नाही. बाप गेल्यावर पोर रडेल, अभ्यासात मागे पडेल, रात्री दचकून उठेल, हे त्यात धरत नाहीत. ते साधारण हाल. नानांची दहा वर्षं भरलीच नव्हती, म्हणून तेवढा वाद घालायचीसुद्धा पाळी आली नाही.

नानांवर हुकूम आधीच निघालेला होता. ते ज्या दुकानात कामाला होते तिथं एकदा तपासणी झाली, त्यांना कोर्टात हजर राहायचा कागद मिळाला. मग आम्ही घर बदललं आणि पुढची तारीख जुन्या पत्त्यावर गेली. ते हजर नव्हते, म्हणून त्यांच्या मागे निकाल लागला. दोनेक वर्षं कुणाला पत्ता नव्हता. मग एका पहाटे दार वाजलं. मी आठ वर्षांची होते. मला नानांच्या पायातले मोजे आठवतात. ते कामावर निघायच्या तयारीत होते, एकच बूट घातला होता, आणि एका माणसानं त्यांना सांगितलं की दुसरा घाला, घाई नाही. तो माणूस चांगलं बोलत होता. आईच्या कडेवर भाऊ होता. त्यांनी आईचं नाव विचारलं, वहीत बघितलं आणि तिला सोडलं.

नानांना एका काउंटी तुरुंगात ठेवलं होतं. गुन्ह्याचा खटला नव्हता, म्हणून सरकारी खर्चानं वकीलही मिळत नाही. ज्याला परवडेल त्यानं करावा. आई भेटायला जाऊ शकत नव्हती, कारण दारावर ओळखपत्र दाखवावं लागे. शेजारच्या गुजराती मावशी आम्हा दोघांना घेऊन गेल्या. मध्ये काच, दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर. भाऊ तीन वर्षांचा, त्याला रिसीव्हर कानाला धरताच येईना. तो काचेवर हात मारत राहिला. नाना मला म्हणाले, "जेवनी का वं?" अहिराणीत. तुरुंगात बसून मला विचारत होते, जेवलीस का. नानांचा पासपोर्ट संपलेला होता. भारतीय वकिलातीनं एका प्रवासापुरता कागद दिला आणि त्यावर ते मुंबईला उतरले.

मला इकडे का पाठवलं, याचं उत्तर वयाप्रमाणे बदलत गेलं. लहानपणी वाटायचं, मी नको होते. मग कळलं की आई दोन पाळ्यांत काम करत होती, भावाला सांभाळायला मावशी तयार होत्या, पण दोन पोरं कुणी ठेवून घेत नव्हतं. शिवाय नाना इकडे एकटे पडले होते आणि त्यांनी जेवण सोडल्यासारखं झालं होतं. एक वर्षापुरतं, असं ठरलं. सुरतेला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर मी आले. माझा पासपोर्ट अमेरिकन, मी केव्हाही परत जाऊ शकत होते. आई येऊ शकत नव्हती, कारण ती बाहेर पडली की तिची दहा वर्षं सुरू. नाना जाऊ शकत नव्हते. भाऊ येऊ शकत होता, पण आई त्याला एकट्याला विमानात बसवायला धजावेना. घरात एक माणूस तरी आपल्या जवळ असावं, असं तिला वाटलं असणार. एका वर्षाची तेरा वर्षं झाली.

दोंडाईच्यात मला माय भेटली. माय म्हणजे माझी आजी, अख्खी गल्ली तिला मायच म्हणायची. तिनं मला एकदाही विचारलं नाही की आई कधी येणार. शेजारणी विचारायच्या, मास्तर विचारायचे, किराणा दुकानदार विचारायचा. मला मराठी आणि अहिराणी बोलता येत होतं, अक्षर ओळखीचं नव्हतं. वयानं तिसरीत बसवलं आणि मधल्या सुट्टीत पहिलीच्या पोरांबरोबर बाराखडी गिरवायला लावली. पोरं मला 'अमेरिका' म्हणून हाक मारायची. नाना अडत्याकडे दिवाणजी म्हणून लागले. मिरचीच्या हंगामात घरी आले की त्यांच्या शर्टाच्या वासानंच ठसका लागायचा. गावात सगळ्यांची समजूत होती की ते कमवून परत आले आहेत. नानांनी ती कधी खोडली नाही आणि कधी दुजोराही दिला नाही. तिकडे जायला काढलेलं कर्ज फेडायला आई तिकडून पैसे पाठवायची आणि गाव म्हणायचं, बघा, बाईला ठेवून आला, कमाई चालूच आहे. हे ऐकून नाना बाजारातून मान खाली घालून येत. मला ते आजही सहन होत नाही.

रविवारी सकाळी सातला आईचा फोन. तिच्याकडे शनिवारची रात्र. नोव्हेंबर लागला की फोन तासभर उशिरा यायचा, मार्चमध्ये पुन्हा सातवर. तिकडे घड्याळं मागंपुढं करतात. मायला हे पटायचं नाही, ती वर्षभर सातलाच आंघोळ करून फोनपाशी बसायची. पार्सलं यायची कुणाकुणाबरोबर. त्यांतले फ्रॉक मला नेहमी आखूड व्हायचे, कारण आईच्या हातात माझं माप मागच्या वर्षीचं असायचं. पुढं तिनं अंदाजानं मोठे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ते ढगळ झाले. मी ते सगळे घातले. भाऊ फोनवर आधी मराठी बोलायचा, मग मराठी समजून इंग्रजीत उत्तर द्यायचा, मग नुसतं 'हाय' म्हणून फोन आईकडे द्यायचा. नाना त्याच्याशी बोलायला आदल्या रात्री इंग्रजी वाक्यं पाठ करत. फोनवर ती एका दमात म्हणून टाकत आणि पुढं काय बोलावं ते सुचत नसे.

आईचं माहेर शहाद्याचं. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या सणाला मी आईच्या जागी आजोळी जायचे आणि झोक्यावर आईच्या वाटचं बसून यायचे. २०११ मध्ये आईचे वडील गेले. पुढच्या आखाजीला त्यांच्या नावाची घागर भरली तेव्हा मामानं फोन घागरीजवळ धरला. आई पलीकडून काही बोलली नाही.

पण ज्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, तो दिवस मुंबईतला आहे. लहान मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. माझा २०१० मध्ये संपत आला. सोळा वर्षांखालच्या मुलासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. एक पालक मुलाबरोबर हजर हवा, दुसऱ्यानं नोटरीसमोर सही केलेला कागद पाठवायचा. म्हणजे आईला तिकडे एका अनोळखी माणसासमोर आपला पासपोर्ट ठेवून सही करायची होती, आणि इकडे नानांना अमेरिकन वकिलातीत पाऊल टाकायचं होतं. आई पाच वर्षं कुठल्याही खिडकीसमोर उभी राहिली नव्हती. तिनं दोन आठवडे लावले आणि मग केलं. कागद आला.

आम्ही धुळ्याहून रातराणीनं निघालो. वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, वांद्रे-कुर्ला संकुलात ती २०११ मध्ये गेली. नानांनी दादरला एका ओळखीच्याकडे आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी दोनदा केली. रांगेत उभं असताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मी तेरा वर्षांची, हात धरून चालायचं माझं वय नव्हतं. मी सोडवला नाही. त्यांना खात्री होती की आत नाव टाकलं की लाल दिवा लागेल आणि कुणीतरी बाहेर येईल. आत एक तरुण बाई होती. तिनं कागद पाहिले, मला नाव विचारलं, जन्मगाव विचारलं. मग नानांकडे बघून म्हणाली, तुमच्या मुलीचं इंग्रजी छान आहे. नानांनी थँक यू मॅडम म्हटलं. झालं एवढंच. बाहेर आल्यावर समुद्राच्या कठड्यापाशी ते बसले आणि मला म्हणाले, "अजून आठ वर्षं." मला हिशेब विचारावा लागला नाही. तेरा आणि आठ एकवीस.

तेव्हापासून माझं वय माझं एकटीचं राहिलं नाही. दर वाढदिवसाला आईच्या शुभेच्छांमागे, नानांच्या पेढ्यांमागे एक वजाबाकी असायची. कुणी बोलून दाखवत नव्हतं आणि कुणी विसरतही नव्हतं. मी आजारी पडले की घर नुसतं माझ्यासाठी घाबरत नव्हतं. अकरावीत मला एक मुलगा आवडत होता, तेव्हाही पहिला विचार आला तो हा, की मी इथं अडकले तर आईचं काय. सतरा-अठराव्या वर्षी मुलीनं असा विचार करावा, याचा मला राग येतो. नानांचा नाही, आईचा तर मुळीच नाही. राग येतो तो या गोष्टीचा की जगातल्या एका श्रीमंत देशाच्या कायद्यानं आईला परत मिळवायचं काम पोरीच्या वयावर टाकलं, आणि त्यात चुकीचं काही आहे असं तिथं फारशा लोकांना वाटलं नाही.

कानबाईची गोष्ट सांगायला हवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद असतील तिथून येतात. रोटांच्या नैवेद्यासाठी आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. नाना अमेरिकेत होते तेव्हा माय त्यांची मूठ घ्यायची. ते आल्यावर तिनं माझ्या भावाची घेणं चालू ठेवलं, ज्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. काकांनी एकदा म्हटलं, तो इथं कुठं आहे? माय म्हणाली, "हाई त्यानी मूठ." पुढं वाद नाही. मुलींची मूठ नसते. मी त्या घरात रोज होते, माझी नव्हती आणि मला ते लागायचं. मायवर माझा जीव होता, तरी लागायचं.

मार्च २०१८ मध्ये मला एकवीस पूर्ण झाली. अर्ज करणाऱ्याचं बिऱ्हाड अमेरिकेत असावं लागतं आणि उत्पन्नही दाखवावं लागतं. परीक्षा आटोपून मी उन्हाळ्यात न्यू जर्सीला गेले. तेरा वर्षांनी आईसमोर उभी राहिले आणि ती माझ्याहून ठेंगणी होती. त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर मेक्सिकोच्या सरहद्दीवरची ती मुलं दिसत होती, आईबापांपासून काढून वेगळी ठेवलेली. पुढं कळलं, त्या वर्षांत पाच हजारांहून जास्त मुलं अशी वेगळी केली गेली. २६ जूनला सॅन दिएगोच्या न्यायाधीश डॅना सॅब्रॉ यांनी हुकूम दिला की पाच वर्षांखालची मुलं चौदा दिवसांत आणि बाकीची तीस दिवसांत आईबापांकडे द्या. आई स्वयंपाकघरात शेवभाजीला फोडणी घालत होती. ती गॅस बंद करून आली आणि उभ्या-उभ्या ऐकत राहिली. चौदा दिवस आणि तीस दिवस. त्या हुकुमानं मला फार बरं वाटलं. त्यातल्या काही मुलांचे आईबाप आधीच परत पाठवले गेले होते आणि ते शोधायला पुढं वर्षं लागली. त्या पोरांना मी ओळखत नाही, पण रविवारच्या फोनवर काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, ते मला माहीत आहे.

आईचा अर्ज मंजूर झाला. ती कधीकाळी व्हिसावर रीतसर आत आलेली असल्यामुळे मुलीच्या अर्जावर तिथंच राहून ग्रीन कार्ड मिळू शकलं. चोरवाटेनं आली असती तर तेही नाही. २०२० च्या जानेवारीत कार्ड हातात पडलं आणि फेब्रुवारीत आई, भाऊ आणि मी दोंडाईच्याला आलो. तीन आठवड्यांसाठी. मार्चमध्ये विमानं बंद झाली. जग घरात कोंडलं गेलं आणि आम्ही चौघं पंधरा वर्षांनी एका छताखाली सापडलो. लोकांसाठी तो काळ किती वाईट होता, मला माहीत आहे. आमच्यासाठी तो होता म्हणून आम्ही घर झालो.

सोपं नव्हतं. आई आणि नाना एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलायचे. चहात साखर किती, हे आईला विचारावं लागलं. भाऊ अठरा वर्षांचा, नानांसमोर गप्प बसायचा. एका संध्याकाळी नानांनी त्याला ओसरीवर बसवून अडतीच्या वहीतला हिशेब दाखवला आणि त्यानं एक चूक काढली. नाना इतके खूश झाले की शेजाऱ्यांना हाका मारून सांगितलं. जुलैत कानबाई आली, भाऊबंद येऊ शकले नाहीत. मायनं भावाचं मनगट धरून त्याच्यासमोर त्याची सव्वा मूठ घेतली. त्यानं मला विचारलं, तुझी कुठं आहे? मी सांगितलं. तो मायशी वाद घालू लागला, इंग्रजीत, आणि माय अहिराणीत उत्तरं देऊ लागली. मायनं रीत मोडली नाही. भाऊ दिवसभर रुसला. मग तो आणि मी कसल्याशा क्षुल्लक कारणावरून भांडलो, आवाज चढवून, दार आपटून. समोरासमोर आम्ही आयुष्यात पहिल्यांदा भांडत होतो. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पुरे रे!" आणि मग तिचं तिलाच रडू आलं.

माय पुढच्या वर्षी गेली.

नानांची दहा वर्षं २०१५ मध्येच संपली होती. मी त्यांच्यासाठी अर्ज करू शकत होते, अजून करू शकते. ते नको म्हणाले. आधी मायचं कारण होतं, माय गेल्यावर दुसरं कारण त्यांनी दिलं नाही आणि मी विचारलं नाही. आईला मात्र तिकडं राहावं लागतं. ग्रीन कार्डवाल्यानं बाहेर जास्त राहिलं तर कार्ड धोक्यात येतं, म्हणून ती श्रावणात येते आणि दिवाळी करून जाते. पाच वर्षं झाल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ते मिळालं की तिचा भारतीय पासपोर्ट जाईल, मग ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला इथं राहू देणारं कार्ड, काढून ती दोंडाईच्यात हवं तितकं राहू शकेल. मी जळगावात राहते ती तशीच. नवऱ्याच्या घरी कायमचं येण्यासाठी आईला आधी अमेरिकेची नागरिक व्हायचं आहे.

२०२५ च्या वसंतात तिनं अर्ज केला. तेव्हा अर्ज केलेल्यांच्या मुलाखतीसाठी शंभर प्रश्नांची यादी होती, त्यांतले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर यावे लागायचे, आणि उत्तरं इंग्रजीत. भावाला नोकरीमुळे वेळ नसतो, मला धीर नसतो. नाना रोज रात्री साडेआठला जेवण उरकून व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा अभ्यास घेतात. चष्मा लावून, यादीच्या झेरॉक्सवर पेन्सिलीनं खुणा करत. परवा मी तिथं होते. घटना म्हणजे काय, हे आईनं बरोबर सांगितलं. सिनेटर किती, शंभर, बरोबर. सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाचं नाव तिला आठवेना. नाना म्हणाले, "काल सांगितलं होतं." आई म्हणाली, "काल दोन पाळ्या झाल्या." नानांनी नाव सांगितलं, तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले.